पीएसडी २ जीबीला अडते तेव्हा

गणपतीच्या आधीचा पंधरवडा. रात्री साडेअकराला फोन आला. आमच्याच धंद्यातला, शेजारच्या गावात फ्लेक्सचं डिझाइन करणारा मुलगा. आवाज रडवेला. "दादा, मंडळाचा १० बाय २० चा बोर्ड आहे. सकाळी छापायला द्यायचाय. फोटोशॉपची पीएसडी फाईल सेव्हच होत नाहीये. २ जीबीच्या वर गेली म्हणतंय. पण डिस्कवर दोनशे जीबी जागा मोकळी आहे!"

मी त्याला पहिलं वाक्य बोललो तेच इथेही सगळ्यात आधी लिहितो: काहीही बंद करू नका.

फाईल उघडी आहे तोवर काम जिवंत आहे. घाबरून फोटोशॉप बंद केलं, मशीन रीस्टार्ट केलं, की दुपारपासूनची मेहनत गेली. आपोआप होणारी रिकव्हरी असते, पण इतक्या जड फाईलच्या बाबतीत तिच्या भरवशावर राहू नका.

मग 'सेव्ह ॲज' उघडा. खाली फाईलचा प्रकार निवडायची यादी असते, त्यात 'फोटोशॉप'च्या जवळच 'लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅट' दिसेल, म्हणजे पीएसबी. तो निवडा आणि सेव्ह करा. सगळे लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), मास्क, इफेक्ट, टेक्स्ट जसंच्या तसं राहतं. मोठी फाईल असेल तर काही मिनिटं लागतील, तेवढा वेळ माऊस सोडून बाजूला बसा.

एवढ्याने रात्र सुटते. पण हाच फोन दरवर्षी कुणाचा ना कुणाचा येतो, आणि पीएसबी करून मोकळं झालेला माणूस पुढच्या महिन्यात ९ जीबीची फाईल घेऊन परत येतो. म्हणून पुढचं सगळं.

डिस्कवर जागा आहे, मग अडतं कुठे?

ही मर्यादा डिस्कची नाही, मशीनच्या रॅमचीही नाही. ती पीएसडी या फॉरमॅटची आहे. फाईलमध्ये कुठला भाग किती लांब आहे हे लिहून ठेवायला पीएसडीत ४ बाइटची जागा दिलेली असते, म्हणजे ३२ बिट. त्यातला एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हासाठी धरला की उरतात ३१. ३१ बिटांत मोजता येणारा सगळ्यात मोठा आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. हेच ते २ जीबी. त्यापुढे पीएसडीला मोजताच येत नाही, म्हणून फोटोशॉप सेव्ह करायला नकार देतं. अर्धवट, बिघडलेली फाईल लिहिण्यापेक्षा नकार बरा, हे लक्षात घेतलं तर त्या मेसेजचा राग येणार नाही.

फोटोशॉप १९९० साली आलं, लेअर १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले. त्या काळी २ जीबीचं एकच चित्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २००३ मध्ये सीएस आवृत्तीबरोबर पीएसबी आलं. त्यात हीच लांबी ८ बाइटमध्ये लिहितात, त्यामुळे आपल्या धंद्यात तरी ती मर्यादा कधी गाठली जाणार नाही. दुसरा फरक मापाचा: पीएसडीची कुठलीही बाजू ३० हजार पिक्सेलच्या पुढे जात नाही, पीएसबीची ३ लाखांपर्यंत जाते.

काही जण फाईलच्या नावातलं शेवटचं अक्षर हाताने बदलून पीएसडीचं पीएसबी करतात. त्याने काही होत नाही. फाईलच्या अगदी सुरुवातीला चार अक्षरांची सही असते आणि तिच्या मागोमाग आवृत्तीचा आकडा: पीएसडीत १, पीएसबीत २. आतली सगळी मांडणी त्या आकड्यावर ठरते. बदल 'सेव्ह ॲज'मधूनच व्हायला हवा.

आणि एक गल्लत दूर करतो. 'स्क्रॅच डिस्क भरली', म्हणजे काम करताना फोटोशॉप डिस्कवर तात्पुरती वापरतं ती जागा संपली, हा मेसेज वेगळा. तो आला तर खरंच डिस्कवर जागा करायची असते. २ जीबीचा मेसेज आला असेल तर डाऊनलोडचा फोल्डर रिकामा करून, 'पर्ज' मारून, हिस्टरी पुसून एक बाइटही कमी होणार नाही. हिस्टरी आणि क्लिपबोर्ड मेमरीत असतात, सेव्ह होणाऱ्या फाईलमध्ये नसतात.

त्या बोर्डाचा हिशोब

आता कागद-पेन घ्या. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला की कायमचा डोक्यात बसतो. मी त्या मुलाकडूनही फोनवर करून घेतला.

बोर्ड १० बाय २० फूट, म्हणजे १२० बाय २४० इंच. त्याने रेझोल्यूशन ठेवलं होतं १००, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल. म्हणजे १२,००० बाय २४,००० पिक्सेल. दोन्ही आकडे ३० हजारांच्या आत, त्यामुळे मापावरून कुठे अडलं नाही. गुणाकार केला तर २८ कोटी ८० लाख पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे पूर्ण बोर्डभर पसरलेला एक लेअर ११५ कोटी २० लाख बाइटचा.

पीएसडीला मोजता येतं २१४ कोटी. म्हणजे असे दोन लेअरसुद्धा मावत नाहीत.

"पण दादा, माझा तर बॅकग्राऊंड एकच आहे," तो म्हणाला. बरोबर. दुसरा लेअर फोटोशॉपने स्वतः ठेवलेला असतो. 'मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू असेल तर लेअरसोबत सगळ्या चित्राची एक सपाट प्रतही फाईलमध्ये लिहिली जाते, म्हणजे लेअर न समजणाऱ्या सॉफ्टवेअरला निदान चित्र तरी दिसावं. बॅकग्राऊंड आणि ही सपाट प्रत मिळून २३० कोटी. मंडळाच्या एकाही कार्यकर्त्याचा चेहरा लावायच्या आधीच बोर्ड भरला होता.

प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण पीएसडी सेव्ह होताना थोडी दाबली जाते. ही दाबण्याची पद्धत जुनी आणि साधी आहे. एका ओळीत एकाच रंगाचे हजार पिक्सेल सलग आले तर 'हा रंग, इतक्या वेळा' असं थोडक्यात लिहायचं. सपाट भगव्या पट्ट्याला ही पद्धत सोन्यासारखी लागू पडते. फोटोला मात्र जवळजवळ काहीच फायदा होत नाही, कारण शेजारचे दोन पिक्सेल कधी सारखे नसतात. आणि सोनेरी पोताचं, चमचम असलेलं, वर थोडं नॉइज टाकलेलं बॅकग्राऊंड? ते दाबलंच जात नाही. त्याने नेमकं तेच घेतलं होतं. दोन दिवस आधी त्याच मापाचा सपाट रंगाचा बोर्ड ३०० एमबीत बसला आणि हा बसला नाही, याचं कारण हे. लेअर किती आहेत यापेक्षा लेअरमध्ये काय आहे याने वजन ठरतं.

हाच हिशोब रेझोल्यूशन ५० ठेवून करा. ६,००० बाय १२,०००, म्हणजे ७ कोटी २० लाख पिक्सेल, २८ कोटी ८० लाख बाइट. रेझोल्यूशन निम्मं केलं की वजन निम्मं होत नाही, पाव होतं. रस्त्याच्या वर वीस-पंचवीस फुटांवरून बघायच्या बोर्डाला १०० ची गरज नाही असं माझं स्वच्छ मत आहे. हाताच्या अंतरावरून वाचायच्या स्टँडीला ठेवा १००, १५० सुद्धा ठेवा. दहा बाय वीसला ५० पुष्कळ, आणि मोठ्या होर्डिंगला ३० ते ४० मध्ये उत्तम काम निघतं. गिऱ्हाईक 'तीनशे डीपीआयच पाहिजे' म्हणून हटून बसलं तर त्याला सांगा, १० बाय २० ला ३०० म्हणजे ७२ हजार पिक्सेलची बाजू. पीएसडीत ते माप सेव्हच होणार नाही.

ज्यांना ३०० चीच सवय आहे त्यांनी दहास एक प्रमाणात काम करावं. २ बाय १ फुटाची फाईल, रेझोल्यूशन ३००, आणि छापताना दहापट. एका पूर्ण लेअरचे १० कोटी ३७ लाख बाइट होतात, काम हलकं चालतं. फक्त छापखान्याला हे लिहून द्या, तोंडी सांगू नका.

वजन लपतं कुठे

तरीही हिशोब जुळत नसेल, म्हणजे माप बरोबर आहे आणि फाईल मात्र दीड जीबीच्या वर जाते आहे, तर शोधाशोध करावी लागते. माझा अनुभव असा की दहातल्या सात वेळा दोषी एकच असतो: स्मार्ट ऑब्जेक्ट.

स्मार्ट ऑब्जेक्ट ही फार चांगली सोय आहे, मी रोज वापरतो. पण तो लेअर म्हणजे एका फाईलच्या पोटात ठेवलेली दुसरी अख्खी फाईल असते. त्या बोर्डावर ४० चेहरे होते. प्रत्येक फोटो २४ मेगापिक्सेलचा. मुलाने प्रत्येक फोटो उघडला, पार्श्वभूमी कापली, बोर्डावर ओढला, राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' केलं आणि मग बारीक केला. बोर्डावर चेहरा दिसतो फूटभर. पण पोटात २ कोटी ४० लाख पिक्सेल तसेच पडून. आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांत, धरले तरी एकाचे ७ कोटी २० लाख बाइट. गुणिले ४० केले की २८८ कोटी. कापलेला रिकामा भाग दाबला जाऊन यातलं बरंच कमी होतं हे खरं, पण उरलेलंही बॅकग्राऊंडच्या बरोबरीला येतं.

उपाय अवघड नाही. फूटभर चेहऱ्याला रेझोल्यूशन १०० वर १,२०० पिक्सेल लागतात. पुढेमागे मोठा करावा लागेल म्हणून दुप्पट धरा, २,४००. फोटो आधी त्या मापाला आणा आणि मगच स्मार्ट ऑब्जेक्ट करा. आणि न कापलेला फोटो आत घ्यायचा असेल तर उघडून ओढण्याऐवजी 'प्लेस एम्बेडेड' वापरा. त्याने मूळ जेपीजी जशीच्या तशी पोटात जाते, ८ एमबीची असेल तर ८ एमबीच. उघडून कन्व्हर्ट केलं की तीच पिक्सेल सुटी होऊन कितीतरी जड बसते.

एकच चिन्ह दहा ठिकाणी लावायचं असेल तर साध्या डुप्लिकेटने लावा. मग दहा लेअर पोटातली एकच प्रत वापरतात. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' केलं तर दरवेळी नवी प्रत जाते. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही.

'प्लेस लिंक्ड' हा आणखी एक मार्ग. त्यात मूळ फाईल बाहेरच राहते, आत फक्त दिसणारं रूप. वजन चांगलं उतरतं. पण फोल्डर हलला की दुवा तुटतो, म्हणून दुसऱ्या मशीनवर नेताना फाईल मेनूतलं 'पॅकेज' वापरून सगळं एकत्र बांधून घ्या.

दुसरी लपायची जागा कॅनव्हासच्या बाहेर. मोठा फोटो आत ओढला, त्यातला हवा तो भाग दिसेल असा सरकवला, की उरलेला भाग कडेबाहेर तसाच राहतो आणि तसाच सेव्ह होतो. क्रॉप करताना 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'ची खूण काढलेली असेल तरी तेच होतं. 'सिलेक्ट ऑल' करून इमेज मेनूतलं 'क्रॉप' द्या, बाहेरचं सगळं कापलं जाईल. मात्र नंतर तो फोटो सरकवता येणार नाही, म्हणून हे शेवटी करायचं. स्मार्ट ऑब्जेक्टच्या पोटातलं याने कमी होत नाही.

बंद केलेले, म्हणजे डोळा मिटलेले लेअर पूर्ण वजनाचे असतात. गिऱ्हाइकाने नाकारलेली तीन बॅकग्राऊंडं 'असू दे, कदाचित लागतील' म्हणून ठेवली जातात. ती वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवा. स्मार्ट फिल्टर जड असतात, ॲडजस्टमेंट लेअर हलके. टेक्स्टची काळजी करू नका, मराठी अक्षरं कितीही मोठी असली तरी ती सपाट रंगाची असतात. १६ बिटमध्ये काम चाललं असेल तर सगळंच दुप्पट. फ्लेक्सला ८ बिट पुरे. आणि आरजीबीत काम करून शेवटी सपाट प्रतीचं सीएमवायके केलं तर कामाची फाईल पाव हिस्स्याने हलकी राहते.

एक जागा अशी आहे जिच्याबद्दल फार थोड्यांना माहीत असतं, आणि ती सापडली तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. वर्षानुवर्षं तीच टेम्प्लेट वापरून, एका फाईलमधले लेअर दुसरीत टाकत काम केलं की फोटोशॉप प्रत्येक जुन्या फाईलची ओळखखूण नव्या फाईलच्या मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, नोंदवत जातं. 'डॉक्युमेंट अँसेस्टर्स' नावाची ही वंशावळ लाखो ओळींची होऊ शकते आणि नुसत्या त्या मजकुराचं वजन शेकडो एमबी भरतं. ओळखायची खूण: एवढीशी सपाट जेपीजी काढली तरी ती भलतीच जड निघते. 'फाईल इन्फो'मधल्या 'रॉ डेटा'त बघा, एकसारख्या अगम्य ओळींची रांग दिसेल. ती काढायला छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते. चित्राला त्याने धक्का लागत नाही. शेवटची जेपीजी 'सेव्ह फॉर वेब'मधून, मेटाडेटा 'नन' ठेवून काढली तर ही वंशावळ तिच्यात उतरत नाही.

इतकं करूनही दोषी सापडला नाही तर फाईलची प्रत काढा, त्या प्रतीतला एक ग्रुप पुसा, नव्या नावाने सेव्ह करून वजन बघा. मग पुढचा ग्रुप. कंटाळवाणं आहे, पण याने सापडतंच. खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात दिसणारे दोन आकडेही मदत करतात: डावीकडचा सपाट चित्राचा, उजवीकडचा लेअर धरून. दोन्ही ढोबळच. तरी त्या मुलाच्या फाईलचा डावा आकडा १.०७ जी होता. रिकाम्या फाईललाच हा आकडा १ जीबीच्या वर दिसला की तिथेच थांबून माप तपासायचं.

दोन खुणा, दोन्ही जपून

प्रेफरन्सेसमध्ये 'फाईल हँडलिंग' आहे. तिथे पीएसडी-पीएसबीचं कॉम्प्रेशन बंद करायची एक खूण असते. सेव्ह लवकर व्हावं म्हणून कुणीतरी ती लावून ठेवलेली असते आणि मग सगळ्याच फाईली फुगतात. ती काढा.

तिथेच 'मॅक्झिमाइझ कंपॅटिबिलिटी' आहे. ते बंद केलं की सपाट प्रत लिहिली जात नाही आणि मोठी जागा वाचते. पण मग ती फाईल इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडली की चित्राच्या जागी 'या फाईलमध्ये सपाट प्रत नाही' अशा अर्थाचा मजकूर दिसतो. फाईल फक्त तुमच्याच मशीनवर राहणार असेल तर बंद करा, दुसऱ्याला द्यायची असेल तर चालू ठेवा.

४ जीबीचा वेगळा अडथळा

टिफ या दुसऱ्या फॉरमॅटमध्येही लेअर राहतात, आणि त्याची मर्यादा ४ जीबी. तिथे चिन्हाचा बिट वाया जात नाही, पूर्ण ३२ बिट मोजायला मिळतात: ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. टिफ सेव्ह करताना लेअरसाठी 'झिप' निवडता येतं. वेळ जास्त लागतो पण फोटोचे लेअर पीएसडीपेक्षा बरे दाबले जातात. २ जीबीच्या थोडी पुढे गेलेली फाईल अशी बसू शकते. तरी कामाच्या फाईलसाठी मी पीएसबीच सुचवेन.

पेनड्राइव्हचं ४ जीबीचं दुखणं मात्र निराळं. पीएसबी ५ जीबीची झाली, मशीनवर नीट सेव्ह झाली, ३२ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेलं की 'फाईल फार मोठी आहे' म्हणून नकार. तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपर्यंतच जाते. त्यावरचा डेटा काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा; विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो.

त्या रात्री काय झालं ते सांगायचं राहिलं. पीएसबी सेव्ह झाली, ३ जीबीच्या थोडी वर. मग तिची प्रत काढून 'इमेज साइझ'मध्ये रेझोल्यूशन ५० केलं, 'स्केल स्टाइल्स' चालू ठेवून, म्हणजे अक्षरांच्या कडा आणि सावल्याही त्याच प्रमाणात उतरतात. चेहरे बारीक केले. पीएसडी सव्वापाचशे एमबीवर आली. छपाईच्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरला लेअर लागतच नाहीत, त्याला सपाट टिफ किंवा उत्तम दर्जाची जेपीजी द्यायची. जेपीजी निघाली ४० एमबीची. ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, फोटो म्हणून नाही. फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि बोर्डावर चेहरे फुटतात.

मूळ पीएसबी, कापलेले चेहरे आणि वापरलेले फॉन्ट एका फोल्डरमध्ये, मंडळाचं नाव आणि साल घालून, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायला त्याला सांगितलं. नवरात्रात यातले निम्मे चेहरे परत लागणार आहेत.